साठीनंतरचा वर्ग

(१९७६च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू परदेशात इंग्रजी शिकवतेस ना, त्याच्यावर थोडं बोल. बऱ्याच जणांना विचारायचंय." काय विचारायचंय ते मला कालपासून कळतंय. पहिला प्रश्न, पैसे किती मिळतात? दुसरा, या वयात तुला घेतलं कुणी? तिसरा कुणी उघड विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतो. मुलाशी काही बिनसलंय का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. काही बिनसलेलं नाही. मुलगा-सून पुण्यात आहेत, माझी खोलीसुद्धा तयार आहे. पण २०१९ मध्ये हे गेले, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी मुलगा माझ्या खात्यावर पैसे भरायला लागला. न मागता भरत होता. चांगलाच मुलगा आहे. तरी दर वेळी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला की मला कसंतरी व्हायचं. तुमच्यापैकी ज्यांना पेन्शन आहे त्यांना हे कळायचं नाही, आणि ज्यांना नाही त्यांना जास्त सांगायची गरज नाही.

मी अठरा वर्षं एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. १९८५ ते २००३. तिथे पेन्शन नव्हती. २००३ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला, घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि 'कुणीतरी' म्हणजे कोण ते आपल्याकडे ठरलेलंच असतं. वर्षभराची बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली नाही. सासूबाई सात वर्षं अंथरुणावर होत्या. त्या गेल्यावर मी पुन्हा शाळेत विचारायला गेले तेव्हा माझ्या जागी माझीच एक विद्यार्थिनी शिकवत होती. तिने मला चहा पाजला.

मग लॉकडाउन आला. सोसायटीतल्या चार मुलांना मोबाइलवरून इंग्रजी शिकवायला लागले आणि लक्षात आलं की मला याचीच भूक लागली होती. पण फीबद्दल कुणी काही बोलेना, आणि मलाही मागता येईना. 'काकू घरीच तर असतात.' तेव्हा ठरवलं, की शिकवायचं तर नोकरी म्हणून शिकवायचं, आणि जिथे कुणी काकू म्हणणार नाही तिथे. हे दुसरं किती चुकीचं ठरलं ते पुढे सांगते.

चौकशी केली तेव्हा कळलं, की आपलं एम.ए., बी.एड. चांगलं असलं तरी परदेशातल्या इंग्रजीच्या क्लासवाल्यांना केंब्रिजचं 'सेल्टा' नावाचं प्रमाणपत्र लागतं. तासांचा हिशेब १२० चा. त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि पाठीमागे परीक्षक टिपणं काढत बसणार. शिवाय चार लेखी निबंध. मी २०२२ मध्ये ऑनलाइन केलं. एक एफडी मोडली. वय ६२. माझ्या गटात माझ्यानंतरची सर्वांत मोठी व्यक्ती ३८ वर्षांची होती आणि माझी परीक्षक माझ्या मुलाच्या वयाची.

पहिला पाठ मी मनापासून घेतला. वर्तमानकाळाचे प्रकार. फळा सुरेख मांडला, उदाहरणं दिली, अधूनमधून विचारत होते, "समजलं का?" सगळे माना डोलवत होते. पाठ संपल्यावर वाटलं, आता कौतुक होणार. परीक्षकबाईंनी शांतपणे सांगितलं, की पंचेचाळीस मिनिटांतली चौतीस मिनिटं तुम्ही बोललात. आणि शेरा दिला, दर्जाला उतरत नाही.

मी खोलीचं दार लावून रडले, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या अभ्यासक्रमात 'समजलं का?' हा प्रश्न विचारायचाच नसतो. कारण त्याचं उत्तर सगळ्या जगात एकच येतं, 'हो बाई.' समजलं की नाही ते कळेल असा दुसरा लहान प्रश्न विचारायचा. 'ती दहा वर्षं पुण्यात राहते आहे' हे वाक्य शिकवलं, तर विचारायचं, 'ती आता कुठे आहे?' एवढंच. अठरा वर्षांत मी हजारो वेळा 'समजलं का' विचारलं असेन. आणि पाचवी ते दहावी आपण सगळ्यांनी बाईंना किती वेळा 'हो बाई' म्हटलं असेल! (बाई पुढेच बसल्या आहेत. बाई, तेव्हा आम्हाला समजलेलं नसायचं.)

एक कबूल करायला हवं. बाईंनी आपल्याकडून घोटून घेतलेलं व्याकरण आणि तर्खडकरी भाषांतरं या वयात मला फार उपयोगी पडली. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या तरुण मुलांना आपली भाषा बोलता येते, पण अमुक ठिकाणी 'द' का लागतो ते सांगता येत नाही. ती मला विचारायची. माझा घोटाळा वेगळा होता, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. आपल्याला दोन्हींना एकच 'व' पुरतो. बासष्टाव्या वर्षी आरशासमोर उभी राहून मी ओठांचा चंबू करत होते.

आता नोकरी. त्यासाठी मी एक दोनशे पानी वही केली होती, ती आजही आहे. ४३ अर्ज केले. २९ ठिकाणांहून उत्तरच नाही. चीनमध्ये साठीनंतर वर्क परमिट मिळणं अवघड, हे अर्ज केल्यावर कळलं. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या नेहमीच्या व्हिसासाठी सात देश ठरलेले आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्या यादीत आपण नाही. बाकीच्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' हवा असतो, आणि जिथे तो शब्द नसतो तिथे फोटो मागतात. व्हिएतनाममधल्या एका क्लासने मला जवळजवळ घेतलं होतं. त्यांना पदवी प्रमाणित करून हवी होती. म्हणजे आधी आपलं राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास. आणि माझी पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या! मुलींनो, आपल्यातल्या ज्या कुणी असा विचार करत असतील त्यांनी पहिलं काम हे करा. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा. माझे त्यात दोन महिने गेले. सगळं झाल्यावर व्हिडिओ कॉलवर तिथला माणूस म्हणाला, आम्हाला जरा उत्साही व्यक्ती हवी आहे. मी विचारलं, "तुम्ही माझा पाठ पाहिलात का?" नव्हता पाहिला. दुसऱ्या एका ठिकाणचा संचालक निदान खरं बोलला, "मॅडम, पालकांना गोरा चेहरा दिसला की ते फी भरतात."

एका एजंटाने 'आखातात शाळेत लावतो' म्हणून माझ्याकडून वीस हजार घेतले, तेही वहीत लिहिलेलं आहे. ते परत आले नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, हे मला पैसे गेल्यावर कळलं. तुम्ही आधी तपासा.

शेवटी काम मिळालं ते ओळखीतून. सेल्टाच्या गटातली फिलिपिन्सची एक मुलगी कंबोडियातल्या बाट्टांबाँग नावाच्या गावात शिकवत होती. तिने आपल्या संचालकांना सांगितलं, त्यांनी व्हिडिओवर माझा एक पाठ पाहिला. पूर्ण पाहिला. वय विचारलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मी बँकॉकमार्गे नॉम पेन्हला उतरले, विमानतळावरच ३५ डॉलर भरून 'ई' प्रकारचा व्हिसा घेतला (नोकरी करायची तर पर्यटकाचा घेऊ नका, तो पुढे वर्षभरासाठी वाढवता येत नाही), आणि बसने सहा तास प्रवास करून बाट्टांबाँगला पोचले. भाताची शेतं आणि गावातून जाणारी संथ नदी. संध्याकाळी नदीकाठी बायका चालायला येतात. कृष्णेची आठवण झाली म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटलं आणि त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी वाईट.

पैशांचं सांगते. सुरुवातीला तासाला ८ डॉलर, आठवड्याला २० तास. खोलीचं भाडं १३० डॉलर. राहून-खाऊन थोडे उरतात. श्रीमंत होण्यासाठी कुणी जाऊ नये. सुट्टीचे पैसे नाहीत, एप्रिलमधलं त्यांचं नववर्ष आणि भाद्रपदातला सण आला की कमाई आटते. साठीनंतर आरोग्यविमा महाग पडतो, आणि रक्तदाबाच्या माझ्या गोळ्या तिथे वेगळ्या नावाने मिळतात, त्यामुळे औषधातल्या घटकाचं नाव लिहून नेलेलं बरं. माझ्याबरोबर एक इंग्लंडचा मुलगा होता, चोवीस वर्षांचा, सेल्टा नाही, काही नाही. त्याला तासाला १२. मी पहिलं वर्षभर गप्प बसले आणि मग माझ्या वहीत माझ्या वर्गांचे निकाल लिहून संचालकांपुढे ठेवले. त्यांनी १० केले. बाराला अजून दोन कमी आहेत.

काळजी एका गोष्टीची घ्या. २०२४ मध्ये आपल्या पेपरांत आलं होतं, की नोकरीच्या आमिषाने भारतीय मुलांना कंबोडियात नेऊन डांबून ठेवतात आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. ते खरं आहे. आपल्या दूतावासाने तशा सूचनाही काढल्या. मुलाने रात्री बाराला फोन केला, "आई, लगेच ये." मी त्याला व्हिडिओवर वर्ग दाखवला, सायकलींची रांग दाखवली. तेव्हा तो शांत झाला. म्हणून सांगते, संस्थेत आज शिकवत असलेल्या एखाद्या शिक्षकाशी स्वतः बोलल्याशिवाय कुणी तिकीट काढू नये.

आता वयाचं. तिथे पहिल्याच दिवशी भाजीवालीपासून सगळ्यांनी मला वय विचारलं. मी वैतागले, म्हटलं इथेही तेच! मग कळलं, ख्मेर भाषेत समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला हाक मारता येत नाही. थोडी मोठी असेल तर 'बाँग', मावशीच्या वयाची असेल तर 'मिंग', आजी असेल तर 'येय'. काकू नको म्हणून एवढ्या लांब गेले आणि थेट आजी झाले. पण शिक्षक म्हटलं की हे सगळं मागे पडतं. शिक्षिकेला म्हणतात 'नेआक क्रू'. त्यातला 'क्रू' म्हणजे आपला गुरू. आणि शाळेला काय म्हणतात? 'साला'. हसू नका, ती आपली शाळाच आहे. त्यांच्या महिन्यांची नावं तर आपल्या राशी आहेत. जानेवारी म्हणजे मकरा, एप्रिल मेसा, जुलै कक्कडा. भाद्रपदातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात ते पितरांसाठी भाताचे गोळे घेऊन पहाटे विहारात जातात, त्या सणाच्या नावातला 'बेन' म्हणजे पिंड. मी यांच्यासाठी तिथे पान ठेवलं. कुणी काही विचारलं नाही.

सकाळी 'बबोर' मिळते, ती आपली पेज. आंबवलेल्या माशांचा 'प्राहोक' मात्र मला अजून जमलेला नाही.

वर्गात ही मुलं चुकतात ती आपल्या मुलांसारखी चुकत नाहीत. 'स्कूल' ती सहज म्हणतात, 'इस्कूल' होत नाही, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षरं खूप. अडतात ती शेवटी. शेवटचा 'स' गिळतात, मग अनेकवचन गेलं आणि तृतीयपुरुषी क्रियापदही गेलं. क्रियापदाला काळ चिकटवायची सवय त्यांच्या भाषेला नाही. 'काल मी जातो' म्हटलं की काम भागतं. सुरुवातीला मी चुका मोजायचे. आता त्यांच्या भाषेतून विचार केला की चूक कुठून येते ते दिसतं. हे मला अठरा वर्षांत सुचलं नव्हतं, कारण तेव्हा माझी आणि मुलांची भाषा एकच होती.

आता जिच्यासाठी मी आज इथे बोलायला उभी राहिले तिच्याबद्दल. आमच्या क्लासमध्ये झाडलोट करणारी, चहा करणारी एक बाई आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. माझ्या वर्गाच्या वेळी ती मागच्या दाराशी झाडू घेऊन उभी असायची. मला वाटायचं वर्ग सुटायची वाट बघते आहे. एक दिवस तिने मला विचारलं, "तुझं वर्ष कुठलं?" तिथे जन्मवर्षाला प्राणी असतो. शोधून काढलं तर माझा उंदीर निघाला. ती टाळी वाजवून हसली. तिचाही उंदीर. म्हणजे १९६०. आपल्याच वर्गातली.

मग हळूहळू बाकीचं कळलं, काही तिच्याकडून, काही संचालकांकडून. एप्रिल १९७५ मध्ये आपण नववीची वार्षिक परीक्षा देत होतो. त्या १७ एप्रिलला ख्मेर रूज नॉम पेन्हमध्ये शिरले आणि शहर रिकामं केलं. पुढच्या काही दिवसांत बाट्टांबाँगही. देशातल्या शाळा बंद झाल्या. शिकलेले लोक, शिक्षक, शोधून शोधून मारले. नॉम पेन्हमधलं एक हायस्कूल तुरुंग झालं, लाखो माणसांनी आपले प्राण गमावले त्या काळातलं ते सर्वांत कुप्रसिद्ध ठिकाण. आज तिथे संग्रहालय आहे, तुओल स्लेंग. मी गेले होते. बाहेरून ती आपल्या शाळेसारखीच दिसते. मजले, लांब व्हरांडे, मधे पटांगण. मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या आणि बाहेर येऊन बसले.

७ जानेवारी १९७९ ला ती राजवट कोसळली. तीन वर्षं आठ महिने वीस दिवस, तिथल्या कुणालाही विचारा, हा आकडा तोंडपाठ असतो. आपण तेव्हा कॉलेजात होतो, गॅदरिंगच्या तालमी चालल्या होत्या. ती आठवीत होती तेव्हा शाळा बंद झाली, आणि उघडली तेव्हा तिच्याकडे दोन लहान भावंडं होती. तिचे वडील शिक्षक होते. एवढंच तिने सांगितलं आणि कप विसळायला गेली.

मी संचालकांना विचारून तिला मागच्या बाकावर बसवलं. फी नाही. पहिल्या दिवशी तिने बाकावर बसण्याआधी बाक पुसला, आणि बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. आता दीड वर्ष झालं. शेवटचा 'स' ती वर्गात सगळ्यांपेक्षा जोरात म्हणते. पोरं हसतात, तीही हसते. मी 'समजलं का' विचारत नाही, पण ती स्वतःच हात वर करून सांगते, "नेआक क्रू, नाही समजलं." माझ्या वर्गात हे असं सांगणारी ती एकटीच आहे.

इकडे यायच्या आधी मी तिला सांगितलं, की आमच्या दहावीला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही सगळे जमणार आहोत. तिला ते फार आवडलं. किती जण येणार, गुरू येणार का, जेवायला काय, सगळं विचारलं. मग म्हणाली, "परीक्षेला काय विचारलं होतं?" मला कळेना. तिला मार्च १९७६ च्या पेपरातले प्रश्न हवे होते. तिला ते सोडवून बघायचेत.

मला एकही आठवला नाही. काल रात्री आम्ही चौघी आठवत बसलो, तर कुणाला बैठक क्रमांक आठवला, कुणाला पेनातली शाई सांडलेली आठवली, निबंधाचा विषय कुणालाच नाही. बाई, सर, तुमच्यापैकी कुणाकडे ती प्रश्नपत्रिका असेल, किंवा इथल्या कुणाला एखादा प्रश्न आठवत असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा. मी चौथ्या टेबलावर आहे. वही आणली आहे.